नलूताईंच्या नावाची पट्टी

नलूताईंची जुनी डिस्क अनंतानं हरवली नव्हती. ती मी दिली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, चार माणसांत बसून दोन घोट जास्त झाले तेव्हाही नाही. इतकी वर्षं आत ठेवलेलं वाक्य कागदावर उतरल्यावर इतकं लहान दिसेल असं वाटलं नव्हतं.

पण त्या डिस्कचं काय एवढं, हे कळायला आधी अनंता कळायला हवा.

खोपोलीच्या शिळफाट्याला आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. एका अंगाला टायरवाला, दुसऱ्या अंगाला चिकनवाला. गाळा माझ्या मेव्हण्याचा, म्हणून बोर्डावर माझं नाव आधी होतं. गिऱ्हाईक मात्र पायरी चढायच्या आधीच विचारायचं, "अनंता हाय का?" मी समोर बसलेला असायचो. "नाही, कर्जतला गेलाय," म्हटलं की, "मग मंगळवारी येतो," म्हणून माणूस मशीन काखेत मारून परत जायचा. हसून सोडून द्यायची गोष्ट होती. मीही हसायचो.

अनंता कर्जतजवळच्या भिसेगावचा. उंच, खांद्यात थोडा वाकलेला, शर्टाच्या खिशात एक बारका स्क्रूड्रायव्हर आणि सुपारीची पुडी. आम्ही दोघं एकाच कोर्सला एकाच बाकावर होतो, तेव्हा मला येत नव्हतं आणि त्याला येत होतं असं काही नव्हतं. फरक स्वभावात. मला काम संपलं की बरं वाटायचं. त्याला काम संपलं असं कधी वाटायचंच नाही. आणि गर्विष्ठ होता. लोक त्याला साधा माणूस म्हणायचे तेव्हा मला नवल वाटायचं. साधा कसला? दुसऱ्या दुकानातून आलेलं मशीन उघडलं की आधी खोल श्वास घ्यायचा, मग म्हणायचा, "कोनी हात घातलाय ह्याच्यात?" आणि गिऱ्हाइकाला अपराधी करून सोडायचा.

त्या दिवसांत सगळ्यांना एसएसडी हवी झाली होती. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, तिला वेळ लागतो. एसएसडीत फिरणारं काही नाही, मशीन बटण दाबताच उभं राहतं. बाकीची दुकानं काय करत? नवी डिस्क बसवायची, विंडोज नव्यानं टाकायची, फाइली एका फोल्डरात कोंबून द्यायच्या आणि पुढचा घ्यायचा. मीही तेच केलं असतं. अनंता करू देत नसे.

"सुऱ्या, गिऱ्हाइकानं घर झाडायला सांगितलंय. पाडायला नाय."

तो जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्यावर उतरवायचा. त्याआधी मालकाला खुर्चीत बसवायचा आणि सांगायचा, "सकाळी तुमी काय काय उघडता ते करून दाखवा. मी नाय असं समजा." माणूस बुजत बुजत एकेक उघडायचा. अनंता मागे उभा राहून बघायचा, स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढायचा, आणि काम झाल्यावर एकेक चिन्ह होतं तिथं नेऊन ठेवायचा. कचऱ्याचा डबा कुणी स्क्रीनच्या मधोमध ठेवला असेल तर मधोमध. एका पतपेढीच्या मॅनेजरनं मशीन परत नेलं आणि संध्याकाळी फोन करून विचारलं, "अहो, तुम्ही काही केलंय ना नक्की? सगळं तसंच दिसतंय. नुसतं पळतंय." अनंतानं फोन ठेवला आणि सुपारी कातरत बसला. त्या दिवशी त्याच्याइतका खूश माणूस शिळफाट्यावर नसेल.

वेग मोजायचे प्रोग्राम आमच्याकडे होते, तो ते लावायचाही. पण त्याचं खरं माप वेगळं. बटण दाबायचं आणि सुपारीचं खांड दाढेखाली धरायचं. खांड फुटायच्या आत मशीन तयार, तर डिस्क पूर्ण पळतेय. फुटून चावून झालं तरी पडद्यावर गोल फिरतंच असेल तर कुठंतरी अडकलंय. आणि अडकलेलं तो सोडायचा नाही. मुंबईहून एक फार्महाउसवाले साहेब आले होते, लॅपटॉप घेऊन. म्हणाले, "विंडोज नवीन टाका ना राव, मला संध्याकाळी परत जायचंय." अनंता म्हणाला, "साहेब, मशीन तुमचं, घाई पन तुमचीच. दोन्ही घेऊन दुसऱ्या दुकानात जा." ते गेले. मी दुपारभर त्याच्याशी बोललो नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

काम झालं तरी जुनी डिस्क तो लगेच कुणाला द्यायचा नाही. तिच्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावायचा, मालकाचं नाव लिहायचा आणि मागच्या फळीवर ठेवून द्यायचा. "नवीन घरात झोप लागली का बघू आधी. मग जुन्याची चावी देऊ." नाव लिहायचा ते मालकाचं समाधान व्हावं म्हणून. त्याला स्वतःला गरज नव्हती. कुणाची डिस्क कितवी, कुणाच्या मशीनची कुठली पिन वाकडी, हे सगळं त्याच्या डोक्यात. मी एकदा म्हटलं, एखादी वही करू. म्हणाला, "वही तुला लागंल. मला कशाला?" हा त्याचा गर्व मला खुपायचा. किती खुपायचा, हे मला नंतर कळलं.

नलूताई खालापूरच्या. घरातल्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर छापायच्या पत्रिका तयार करून द्यायच्या. लग्नाच्या, बारशाच्या, उत्तरकार्याच्या. नवरा लवकर गेलेला. या पत्रिकांवर त्यांनी घर चालवलं. खालापूरपासून चौकपर्यंत कुणाच्या मुलीचं कुठं जमलं आणि कुणाच्या घरी कोण गेलं हे त्यांना पाहुण्यांच्या आधी कळायचं. त्यांचं मराठी अक्षरजुळवणीचं सॉफ्टवेअर फार जुनं. अक्षरंही त्याच जातीची, आजच्या मोबाइलवरच्या मराठीशी त्यांचा काही संबंध नाही. ते बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. नव्यानं टाकायला गेलं की ते एक नंबर मागायचं, आणि तो नंबर देणारा फोन आता लागत नव्हता. म्हणजे त्यांच्या मशीनवर विंडोज नव्यानं टाकणं म्हणजे त्यांचा धंदा बंद करणं. हे त्यांना माहीत होतं, अनंताला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

त्यांची हार्ड डिस्क फार मंद वाटायला लागली तेव्हा त्या मशीन घेऊन अनंताकडेच आल्या. त्यानं सगळं जसंच्या तसं एसएसडीवर उतरवलं. सॉफ्टवेअर उघडलं, अक्षरं आली. ताईंनी खुर्चीत बसून 'श्री गजानन प्रसन्न' टाइप केलं, पडद्याकडे बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला. अनंता मात्र तोंड वाकडं करून उभा.

"सुपारी फुटली रं," तो मला म्हणाला. "अर्धंच पळतंय."

कारण त्यानं शोधलं होतं. मशीनचा बोर्ड जुना. आतल्या सेटिंगमध्ये डिस्कशी बोलायची पद्धत जुनीच ठेवलेली. नवी पद्धत लावली तर वेग दुप्पट, पण नुसती बदलली तर विंडोज निळा पडदा दाखवून बसतं. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये उठायला सांगायचं, मग सेटिंग बदलायचं, एकदा तसं उठू द्यायचं म्हणजे ते नव्या पद्धतीची ओळख करून घेतं, मग नेहमीसारखं सुरू. काही नव्यानं टाकावं लागत नाही. अवघड नव्हतं, पण शांतपणे करायचं काम होतं, आणि लग्नसराई सुरू झाली होती. ताई म्हणाल्या, "अनंता, आता नको रे बाबा. चाललंय ते चालू दे. सीझन संपला की कर काय करायचंय ते."

जुनी डिस्क पट्टी लावून फळीवर गेली. 'नलूताई, खालापूर.'

त्या लग्नसराईतल्याच एका रविवारी अनंता भावकीतल्या लग्नाला गेला होता. कुंभिवलीच्या एका धाब्याचा मालक धापा टाकत आला. आदल्या दिवशी त्याच्या पार्किंगमधून ट्रकची ताडपत्री गेली होती आणि कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरची डिस्क बंद पडलेली. त्याला आजच्या आज डिस्क हवी होती, जुनी चालेल, कुठलीही. आमच्याकडे सुटी डिस्क नव्हती. मी फळीकडे पाहिलं. मनात म्हटलं, नलूताईंचं काम झालंय, महिना होत आला मशीन नीट चालतंय, हा अनंताचा वेग वेग काही खरा नाही. नखानं पट्टी सोलली. ती बोटाला चिकटली, मी ती टेबलाच्या खालच्या अंगाला पुसली. रेकॉर्डरनं डिस्क स्वतःच कोरी करून घेतली. धाबेवाला जाताना म्हणाला, "बरं झालं तुमी होता. अनंताशेटनं मंगळवारी बोलावलं असतं."

ते ऐकून मला बरं वाटलं. सांगायचं ठरवलंय तर हेही सांगतो.

अनंताला सांगायचं राहिलं. आज सांगू, उद्या सांगू. तो चिडला असता, एवढंच. मग राहूनच गेलं.

सीझन संपल्यावर एके दिवशी तो म्हणाला, "चल, नलूताईचं पूर्ण करून येऊ." मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसलो. वाटेत सांगायला हवं होतं. खालापूर काही लांब नाही.

ताईंनी पोहे केले होते. अनंतानं विचारलं, "यूपीएसची बॅटरी कशी हाय?"

"बरी आहे की. मध्ये दोनदा लाइट गेली, टिकली."

त्यानं काम सुरू केलं. सेफ मोडचं सांगून झालं, मशीन बंद करून आतलं सेटिंग बदललं, बटण दाबलं, सुपारी दाढेखाली धरली. विंडोज उठलं. डिस्कची ओळख करून घेत होतं, तेवढ्यात लाइट गेली. यूपीएस एकदा किंचाळला आणि मेला. पुन्हा लाइट आल्यावर मशीनला डिस्क दिसेना. दुसरी वायर लावली, दुसऱ्या जागी लावली. नाहीच. काही स्वस्तातल्या एसएसडी अशा दगावतात. त्यात त्याचा काय दोष. दुसऱ्या कुणाची बॅटरी त्यानं हातात घेऊन बघितली असती, ताईंचा शब्द त्यानं मानला, एवढंच.

ताई पांढऱ्या पडल्या. अनंता हसला. खरंच हसला तो.

"घाबरू नको ताई. नवीन वॉरंटीत बदलून देतील. आनि तुझी जुनी फळीवर हाय ना माझ्या. आत्ता आनतो, तासात अक्षरं दाखवतो तुला."

"नक्की ना रे?"

"डोळं मिटून सांगतो. वरची फळी, डावीकडनं तिसरी."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. त्याच वेळी, त्या खोलीत, मला सगळं कळलं होतं. परतीच्या वाटेवर मी त्याच्या मागे बसलो होतो आणि तो गाडी चालवता चालवता काहीतरी गुणगुणत होता.

दुकानात येऊन त्यानं फळीवर हात नेला. तिसरी दुसऱ्या कुणाची. दुसरी काढली, चौथी काढली. मग सगळ्या खाली घेतल्या, जमिनीवर मांडल्या, एकेक उलटी करून बघितली. मी शटरपाशी उभा होतो. त्यानं वर बघितलं. चेहऱ्यावर संशय नव्हता. तो मला विचारत होता, जसं आपण घरच्या माणसाला विचारतो.

"सुऱ्या, नलूताईची कुठं गेली रं?"

माझ्या तोंडातून आलेलं वाक्य मी आधी ठरवलेलं नव्हतं, हे देवाशपथ. पण आलं ते फार सहज आलं.

"तूच नाही का म्हणालास, ताईंना परत देऊन येतो म्हणून? त्या लग्नाच्या आधी. पिशवीत घातलीस की."

"मी?"

"हो. मी म्हटलंसुद्धा, राहू दे अजून."

त्यानं जमिनीवरच्या डिस्क पुन्हा एकेक उचलून नावं वाचली. मला वाटलं होतं, भांडेल. 'खोटं बोलतोस' म्हणेल. तो म्हणाला असता तर मी तिथंच कोसळलो असतो आणि सगळं सांगून टाकलं असतं. पण त्याचा माझ्यावर विश्वास होता. आम्हा दोघांतल्या कुणाचं तरी डोकं चुकतंय हे त्याला दिसलं, आणि त्यानं स्वतःचं निवडलं.

"पिशवीत घातली," तो हळूच म्हणाला. "मग दिली कुनाला मी?"

दुसऱ्या दिवशी मी चोरून कुंभिवलीच्या धाब्यावर गेलो. त्या डिस्कवर कॅमेऱ्यानं टिपलेल्या सगळ्या हंगामाच्या ट्रका चढून बसल्या होत्या. खालचं काही निघण्यासारखं नव्हतं.

अनंता स्वतःच नलूताईंना सांगायला गेला. मला चल म्हणाला नाही. ताईंनी पत्रिकांच्या फाइली पेनड्राइव्हवर ठेवलेल्या होत्या, त्या सगळ्या सापडल्या. पण सॉफ्टवेअर नाही म्हटल्यावर त्यांत अक्षरं राहिली नव्हती. 'चि. सौ. कां.'च्या जागी चौकोन, आकडे आणि इंग्रजी खुणा. ताई त्याला एवढंच म्हणाल्या म्हणे, "अनंता, तुझ्या हातून असं व्हावं?" पुढे त्यांच्या पुतण्यानं मोबाइलवरची मराठी शिकवायचा प्रयत्न केला, त्यांच्या बोटांना तो कळफलक आपला वाटेना. पत्रिका बंद झाल्या. आता ताई कारखान्यातल्या पोरांचे डबे करतात. कुणी गेलं की अजून सवयीनं त्यांना फोन येतो, मग फोन करणाराच ओशाळतो.

आणि अनंताचं काय झालं? एका दिवसात काही झालं नाही. आधी त्यानं वही आणली. ज्याला वही लागत नव्हती तो माणूस एक स्क्रू काढला तरी लिहून ठेवू लागला. मग लिहिलेलंही दोनदा मला विचारू लागला. "हे मीच लिवलंय ना?" गिऱ्हाईक समोर असताना मशीन उघडायचा, थांबायचा आणि म्हणायचा, "सुऱ्या, तू बघ." मी बघायचो. मग एकदा एका मुलीचं मशीन त्यानं उघडलं, पुन्हा बंद केलं आणि म्हणाला, "ह्याच्यावर विंडोज नवीनच टाकू. भानगड नको." त्या दिवशी मला कळलं की माझ्या हातून काय मेलंय. तेव्हाही मी बोललो नाही. दिवाळीनंतर तो दुकानात यायचा थांबला. लोक अजून पायरीशी विचारतात, "अनंता हाय का?" मी सांगतो, त्याला बरं नसतं.

मागच्या महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो. कर्जतला काम होतं, असं स्वतःला सांगून. दार वहिनींनी उघडलं. आत शिरल्या शिरल्या मला दिसल्या त्या पट्ट्या. पांढऱ्या. दिव्याच्या बटणांवर, डब्यांवर, कपाटाच्या खणांवर, गॅसच्या बटणाजवळ. त्याचं तेच टपोरं अक्षर. 'साखर.' 'पंखा.' 'वीजबिल भरलं.'

वहिनी स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाल्या, "भावजी, डॉक्टरकडं दोनदा नेलं. फोटो काढला डोक्याचा. ते म्हनतात, काय झालेलं नाय, तुमच्या-आमच्यापेक्षा बरं हाय. पन ह्यांचा इश्वासच बसत नाय. मला म्हनतात, डॉक्टरला काय कळतंय, सुऱ्याला इचार."

अनंता बाहेर ओट्यावर बसला होता. सुपारी सोडली होती. दात दुखतात का विचारलं तर म्हणाला, "नाय रं. किती खाल्ली ध्यानात राहत नाय." मग दुकानाचं विचारलं, टायरवाल्याच्या आईचं विचारलं, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठल्या पायाचं ते त्याला आठवत होतं, ते मलाही माहीत नव्हतं. मी म्हटलं, "अनंता, तुझं डोकं शाबूत आहे."

"तू चांगला हायस म्हनून बोलतोस," तो म्हणाला. "त्या वक्ताला तू सांगितलंस म्हनून मला कळलं तरी. दुसऱ्या कुनी लपवलं असतं. मी असाच लोकांची मशिनं उघडत बसलो असतो, कुनाकुनाचं वाटोळं केलं असतं रं."

चहा आला होता. मी तो प्यालो. गरम होता, तरी प्यालो. वाक्य जिभेवर होतं. वहिनी आत होत्या, रस्त्यावर कुणी नव्हतं, त्याहून चांगली वेळ मला मिळाली नसती. मी म्हटलं, "निघतो मग."

तो मला सोडायला फाटकापर्यंत आला. मी गाडी सुरू केली आणि वळणावर मागं बघितलं. त्यानं फाटकाला कडी घातली, घराकडं चार पावलं गेला, थांबला आणि परत आला. कडी हातानं चाचपली. मग खाली वाकून फाटकाच्या खांबावरची पट्टी वाचली, आणि तरी कडी पुन्हा एकदा ओढून बघितली.

दुकानातल्या टेबलाच्या खालच्या अंगाला नलूताईंच्या नावाची ती पट्टी अजून आहे. धूळ बसून काळी झालीय, नाव वाचता येतं.

ती काढून घेऊन मला भिसेगावला जायचं आहे, ती त्याच्या हातात द्यायची आहे, आणि तू विसरला नव्हतास, मी खोटं बोललो, एवढं त्याच्या तोंडावर सांगायचं आहे. मग खालापूरला जाऊन नलूताईंनाही. अजून गेलेलो नाही.